भिला गुळव्याची तीन बोटं

कळसाडीच्या शिवारात ऊस तोडणीला आला की हिंमतरावांच्या मळ्यातलं गुऱ्हाळ पेटायचं, आणि गुऱ्हाळ पेटण्याआधी गावात एकच चौकशी व्हायची, यंदा काहिलीवर भिलाच आहे ना? भिला नसला तर गुळाचं काय होतं, हे बघायची पाळी अठरा वर्षांत कुणावर आली नव्हती. सन चौतीस-पस्तीसचा सुमार. जिल्ह्याला तेव्हा पश्चिम खानदेश म्हणत. भिला चाळिशीचा, उंचीने बेताचा, बोलायला हौशी. त्याच्या हातचा गूळ नवापूरच्या बाजारात नाव सांगून विकला जाई आणि हे तो स्वतःच चारचौघांत सांगत असे, हा त्याचा दोष समजा.

गुळव्याचं काम लांबून सोपं दिसतं. चुलाणावर मोठी काहील, तीत उसाचा रस, खाली चिपाडांचा जाळ. रस तापतो, मळी वर येते ती झाऱ्याने काढायची, मग रस आटत आटत घट्ट होतो. इथवर कुणीही करील. खरी परीक्षा शेवटच्या दोन-चार पळांची. काहील लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपून काळा पडतो. नेमकी घडी ओळखायची ती बोटांनी. अंगठा आणि शेजारची दोन बोटं गार पाण्यात बुडवायची, तशीच ओली उकळत्या पाकात घालून चिमूटभर पाक उचलायचा आणि परत पाण्यात. त्याची गोळी वळली आणि काहिलीच्या काठावर मारल्यावर टणकन वाजली, की उतरवायची काहील. पहिल्यांदा बघणारा माणूस हे पाहून डोळे मिटून घेई, आणि भिलाला त्याचीच मजा वाटे.

'हात माले इचारत नही,' तो सांगायचा. 'तो आधी मांगे येस, मंग माले चटका समजस.' यावर कुणी हसलं तर तो त्याला काहिलीजवळ ओढायचा, वाफेवर हात धरायला लावायचा आणि हात मागे आला की विचारायचा, 'तू वढा का तो वढायना?' माणूस विचारात पडे. खरंच, आपण ओढला की तो ओढला गेला? शाळेतल्या मास्तरांकडे या गोष्टीला काही भारदस्त नाव असेलही, पण भिलाने ती पुस्तक न उघडता शोधून काढली होती. हात डोक्याची परवानगी मागत बसला असता तर एकाही गुळव्याला बोटं राहिली नसती, हे त्याचं म्हणणं मला अजूनही बिनतोड वाटतं.

चुलाणाच्या तोंडाशी, खाली खड्ड्यात, जाळ घालायला फुलसिंग बसायचा. अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातला हा माणूस दरसाल बायको रेवाबाईला घेऊन उतरायचा आणि मळ्याच्या बांधावर खोपी घालून हंगामभर राहायचा. घरात त्यांची बोली वेगळी, पण गुऱ्हाळावर तो मोडकीतोडकी अहिराणी बोले. खड्ड्यातून त्याला काहील दिसत नसे. म्हणून भिला वर जमिनीवर टाच आपटायचा. एकदा आपटली की जाळ वाढव, दोनदा आपटली की आवर. चुलाणाच्या भिंतीला पाठ टेकलेल्या फुलसिंगला ती टाच पाठीत कळायची. चरकाचे बैल फिरत असोत, माणसं आरडाओरडा करोत, त्याची चूक होत नसे. दोघांत बोलणं फार थोडं, पण आठ-नऊ हंगामांत त्यांचा एकदाही गूळ बिघडला नव्हता.

मग एका हंगामात ते झालं. तोडलेल्या उसाची मोळी आली होती. त्यातला एक ऊस चाखून बघावा म्हणून भिलाने मोळीत हात घातला, आणि तोडणाऱ्याने आत खोचून ठेवलेला कोयता त्याच्या उजव्या मनगटाला आतल्या बाजूने चांगलाच लागला. हळद भरली, फडकं बांधलं. दीड महिन्यात जखम भरून आली. मनगटावर पांढरी रेघ राहिली, मूठ पूर्वीसारखी वळू लागली आणि गावाने विषय सोडून दिला.

घरात मात्र एका सकाळी त्याची बायको दगूबाई चुलीपाशी भाकरी करत होती आणि भिला तव्यावरची भाकरी उलथायला पुढे झाला. तो काहीतरी सांगत होता, सांगतच राहिला. दगूबाईला करपल्याचा वास आला. तिने वळून पाहिलं तर नवऱ्याची दोन बोटं तापल्या तव्याला टेकलेली आणि नवरा खुशाल बोलतोय. तिने मनगट धरून हात खेचला. फोड आला होता. भिला त्या फोडाकडे दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघत बसला.

त्या दिवसापासून त्याने आपला हात तपासायला घेतला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट शहाणं होतं. अंगठा आणि त्याच्याजवळची दोन बोटं मात्र ठार मुकी. बंडीच्या खिशात शेंगदाणे आणि हरभरे एकत्र घालून तो बोटांनी चाचपायचा आणि कुठला दाणा कुठला ते कळायचं नाही. नजर हातावर असली तर बंडीचा बंद नीट बांधता येई, नजर हलली की बंद सुटून पडे. आपलं बोट कुठे आहे हे आपल्याला न बघता कळतं, ही केवढी मोठी सोय आहे, हे ती गेल्यावर त्याला समजलं. आपणा सगळ्यांचं तसंच आहे म्हणा.

त्याने हे कुणाला सांगितलं नाही. बोटं बधिर होणं आणि त्यांना न कळत फोड येणं, या खुणा कशाच्या समजत, हे सगळ्यांना माहीत होतं. एकदा का महारोगाचा संशय आला की त्याच्या हातचा गूळ कोण तोंडात घालणार होतं? कोयत्याचा घाव आहे म्हणून सांगितलं असतं तरी लोकांनी मान डोलावली असती आणि मागे सरले असते. म्हणून भिला गप्प राहिला. तो डाव्या हाताने गोळी उचलायला शिकला, तेही लोकांचं लक्ष नसताना. आणि कानाने शिकला. पाक पातळ असताना बुडबुडे भराभर फुटतात, घट्ट होताना त्यांचा आवाज जड होतो आणि अगदी शेवटी दोन बुडबुड्यांच्या मध्ये श्वास घेण्याएवढी फट पडते. हे अठरा वर्षं त्याच्या कानावर पडत होतं, पण बोटं होती तोवर त्याने कधी ऐकलं नव्हतं. दोन हंगाम त्याने असे काढले आणि गूळ पूर्वीपेक्षा उतरता झाला नाही. याबद्दल त्याला मानलंच पाहिजे.

आता काहील उतरवण्याची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. काहिलीच्या कड्यांत दोन जाड दांडे घालायचे. दांड्याच्या प्रत्येक टोकाला दोघे, म्हणजे एकूण आठ जण. आठांनी एका दमात उचलायची, पाक निववायच्या उथळ वाफ्यापर्यंत न्यायची आणि त्यात ओतायची. वाटेत कुणाच्या अंगावर पाक उडाला तर त्याने 'टेका' म्हणायचं. हा शब्द ऐकला की आठही जणांनी असतील तिथे काहील खाली टेकवायची. एकट्याने हात सोडायचा नाही आणि एकट्याने सोसायचंही नाही. थोडा पाक सांडे, गुळाची नासाडी होई, पण 'टेका' म्हणणाऱ्याला कुणी हसत नसे.

पुढच्या हंगामात एके दिवशी या आठांत भिला होता, आणि त्याच्यापुढे दोधू होता. दोधू हिंमतरावांचा पुतण्या, पंचविशीचा तगडा गडी. काहील चुलाणावरून उचलली आणि दोन पावलं गेली तोच दोधूचा पाय मळीवरून घसरला. काहील कलंडली. फुलसिंग त्याच वेळी खड्ड्यातून वर चढत होता आणि त्याचं डोकं बरोबर काहिलीच्या खाली आलं. उसळलेला पाक दांड्यावरच्या भिलाच्या उजव्या अंगठ्यावर आणि शेजारच्या दोन बोटांवर पडला. सगळ्यांनी पाहिलं. त्या क्षणी भिलाचा हात सुटता तर सगळी काहील फुलसिंगवर गेली असती. हात सुटला नाही. भिलाने दांडा तसाच धरला, दोधू सावरला, काहील वाफ्यात रिकामी झाली.

भिला वळला तेव्हा सगळे त्याच्या हाताकडे बघत होते, म्हणून त्यानेही पाहिलं. बोटांवर पाक घट्ट चिकटला होता आणि खालची कातडी गेली होती. तोवर त्याला पत्ताच नव्हता.

फुलसिंग त्याच्या पाया पडला. हिंमतराव घरून धावत आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने कोरफडीचा गर लावला. 'हात जळी ऱ्हायना तरी माणूसनी दांडा सोडा नही,' हे वाक्य तासाभरात गावभर झालं आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात. हिंमतरावांनी जाहीर केलं की येत्या अमावास्येला बैल सुटलेले असतील, गुऱ्हाळ बंद असेल, त्या दिवशी भिलाला पागोटं बांधायचं. भिलाने मान खाली घातली. लोकांना वाटलं, किती विनय.

विनय कसला. त्याला बरं वाटत होतं. दोन वर्षं भीतीने पोखरलेल्या माणसाला गाव अचानक डोक्यावर घेतं, तेव्हा त्याने तोंड मिटून घेतलं याचा मी तरी फार राग धरणार नाही. दगूबाईने मात्र धरला. 'लोक काय काय बोली ऱ्हायनात, तू ऐकी लेस,' ती म्हणाली. 'तुले काही समजनंच नही, हाई कोन सांगी?'

'सांगं ते माले काहीलपासून उठाडी देतीन,' भिला म्हणाला. तेही खोटं नव्हतं.

गुऱ्हाळावर मात्र एक भलतीच गोष्ट मुरू लागली. आपला पाय घसरला ही सल दोधूला खात होती. त्याने चारचौघांत म्हणून टाकलं, भिलाकाका जळत्या हाताने उभा राहतो आणि आपण थेंब उडाला की 'टेका' म्हणून ओरडतो, लाज वाटली पाहिजे. हिंमतराव हसून म्हणाले, खरं आहे. हुकूम कुणी काढला नाही, पण त्या दिवसापासून 'टेका' हा शब्द कुणाच्या तोंडून निघेना. गडी फोड लपवू लागले. भिलाच्या हे ध्यानात आलं, आणि त्याने मान दुसरीकडे वळवली.

आठव्या दिवशी त्याच्या जागी दांड्याला फुलसिंग होता, कारण भिलाचा हात बांधलेला. भिला वाफ्यापाशी उभा राहून बघत होता. काहील हिंदकळली आणि पाक फुलसिंगच्या बोटांवर आला.

फुलसिंग 'टेका' म्हणाला नाही. पण त्याच्या साऱ्या अंगाने ते सांगितलं. डोळे पांढरे झाले, कपाळावर एकदम घाम फुटला. त्याची बोटं दांड्यावरून आपोआप उघडत होती आणि तो ती पुन्हा मिटत होता. ती परत उघडत होती. मग त्याने दुसऱ्या हाताने तो हात दांड्यावर दाबून धरला आणि दहा पावलं चालला. दात ओठात रुतून रक्त आलं होतं. भिलाने हे सगळं समोरून पाहिलं, आणि ज्याचं कौतुक गाव आठ दिवस करत होतं ते खरं कसं दिसतं हे त्याला तेव्हा कळलं.

'काबर बोलना नही?' त्याने फुलसिंगला विचारलं.

'तू धरेल व्हतं ना दादा,' फुलसिंग म्हणाला. 'मी बी धरं.'

त्या रात्री भिला जेवला नाही. पुढचे चार दिवस खड्ड्यात रेवाबाईने जाळ घातला आणि भिलाची टाच तिला काही कळेना.

अमावास्येला सकाळी गुऱ्हाळाच्या अंगणात माणसं जमली. हिंमतरावांच्या हातात तांबडं पागोटं होतं. भिला पुढे आला आणि म्हणाला, 'अण्णा, हाई माले नका बांधू. मन्हा हात जळना ते माले समजनंच नही. कोयता लागना तधळपासून हाई तीन बोटं मरी जायेल शेतस. मी धरं नही. हातले समजनं नही म्हनीसन तो सुटना नही.'

लोकांना आधी वाटलं, हा अजून विनय करतोय. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की बधिर बोटं म्हणजे काय. पुढची रांग पाऊलभर मागे सरली. अंगाला भीती कळली की पाय आधी हलतात आणि मन मागून कारण शोधतं. त्यांचंही चुकलं म्हणवत नाही.

'महारोग ते नही ना?' दोधूने विचारलं.

भिलाने हाताचं फडकं सोडून मनगटावरची पांढरी रेघ दाखवली. आपल्याच उपरण्याने डोळे बांधले, हात पुढे केला आणि म्हणाला, कुणीतरी काटा टोचून बघा. कुणी पुढे येईना. हिंमतराव पागोट्याकडे बघत राहिले. तेव्हा मागून दगूबाई आली. पदर खोचला, बाभळीचा काटा मोडून घेतला आणि सगळ्यांसमोर नवऱ्याच्या अंगठ्यात टोचला. भिला उभा. पहिल्या बोटात टोचला, रक्ताचा ठिपका आला, भिला तसाच उभा. मधल्या बोटातही तेच. मग तिने करंगळीला काटा लावला आणि भिलाचा हात झटक्याने मागे आला, इतका की तो मागच्या मागे लडखडला.

'देखा?' दगूबाई लोकांकडे वळून म्हणाली. 'जठे नस कटनी तठलंच समजत नही. रोग ऱ्हाता ते बोटं मोजीसन काबर लागता?'

मला विचाराल तर त्या दिवशी पागोटं बांधायला त्या अंगणात दोन डोकी लायक होती आणि त्यातलं एक पदराखाली होतं.

भिला डोळ्यांवरचं सोडून म्हणाला की ज्याला चटका कळतो त्याने ओरडलंच पाहिजे. ज्याला कळत नाही त्याचं बघून कुणी हात जाळू नये. फुलसिंगचा जळला तो माझ्या गप्प बसण्यामुळे जळला. एवढं बोलून तो थांबला. हिंमतरावांनी पागोटं घडी करून काखेत मारलं आणि घराकडे निघाले. फाटकापाशी थांबून त्यांनी दोधूला सांगितलं, उद्यापासून 'टेका' म्हणत जा रे. मागे वळून पाहिलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो. काहिलीत बोट घालायची भिलाला बंदी झाली. गोळी दोधू उचलू लागला आणि पहिल्या दोन काहिली करपल्यावर हिंमतरावांनी मुकाट्याने भिलाला बोलावून काहिलीशेजारी घोंगडी टाकून दिली. तिथे बसून तो कान देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, उतरा. पुढची दहा-अकरा वर्षं कळसाडीचा गूळ असा निघाला. नवापूरच्या बाजारात कुणी त्याचं नाव घेईनासं झालं आणि गावातल्या तीन-चार घरांनी तो गूळ कधीच खाल्ला नाही. चारचौघांत स्वतःची बढाई मारायचं त्याने सोडलं, हे एक दगूबाईला बरं वाटलं.

पण त्या अमावास्येच्या दुपारी त्याच्या डोक्यात हे काहीच नव्हतं. अंगणातल्या गर्दीत मागे उभा असलेला फुलसिंग सगळं ऐकून निघून गेला होता. भिला बांधावरच्या खोपीकडे गेला. रेवाबाई बाहेर लाकडं फोडत होती. तिने हातानेच आत जा म्हणून खुणावलं.

फुलसिंग जळका हात मांडीवर ठेवून बसला होता. भिला त्याच्यासमोर बसला. माफी कशी मागायची हे त्याने वाटेत जुळवलं होतं, ते सगळं विसरला.

फुलसिंगने हाताकडे बघतच विचारलं, 'दादा, मन्हा हात बी तुन्हागत व्हई का?'

तो रागावला नव्हता. तो घाबरला होता. त्याच्या डोंगरात हात गेलेला माणूस कुऱ्हाड धरू शकत नाही, झाडावर चढू शकत नाही, जाळ कुठवर आला हे ओळखू शकत नाही. चार दिवस त्याने ही भीती कुणाला सांगितली नव्हती. भिलाला आपल्या तीन बोटांपलीकडे काय माहीत होतं? त्याने कुडाचा एक काटा मोडला.

'तोंड तिकडे फिराव,' तो म्हणाला.

फुलसिंगने मान वळवली. फोडांची साल निघून तांबड्या झालेल्या पहिल्या बोटाच्या कडेला भिलाने काटा हळूच लावला. हात असा काही मागे गेला की कोपर कुडाला बसलं आणि सगळी खोपी हलली. फुलसिंगने आपल्या बोलीत एक सणसणीत शिवी दिली. रेवाबाई कुऱ्हाड घेऊनच दारात आली.

'दुखस का?' भिलाने विचारलं.

'दुखस ना!' फुलसिंग ओरडला.

भिलाने दुसरं बोट धरलं. तेही ओढलं गेलं. तिसरं, मग करंगळी, आणि राहिलेल्या अंगठ्यालाही काटा लावून घेतला. प्रत्येक वेळी हात मागे आला आणि प्रत्येक वेळी शिवी आली. मग भिलाच्या हातून काटा गळून पडला, आणि तो पडल्याचं त्याला कळलं नाही. तो रडत होता. रेवाबाई दारात उभी राहून एकदा नवऱ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत होती, आणि तो तिला पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. 'पाची बोटं दुखतस, बाई. पाचीना पाची दुखतस.'